डोंगराकडच्या तीन ओळी

बाई, तुम्ही गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. ऊन तापलं की डोंगराच्या झाडांत ते किडे अजून ओरडतात. माझं डोकं उठतं. तुम्ही असता तर ओट्यावर तूर निवडता निवडता म्हणाल्या असत्या, "ओरडू दे व. चार दिवसाचे पाहुणे हायेत."

तुम्हाला ते कधी शत्रू वाटलेच नाहीत. मला वाटले. तिथूनच सगळं सुरू झालं.

दोन वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन चुली. तुम्ही भाकरी थापायला बसलात की मला ऐकू यायचं. तुम्हाला खोकला झाला की सगळ्यांत आधी मला कळायचं. मी सुंठ कुटायचे आणि ती माझ्याच डब्यात राहायची. भिंतीपलीकडे हाक मारायला किती वेळ लागतो? पण ती हाक मी मारली नाही, आणि का मारली नाही हे आजवर फक्त आपल्या दोघींना माहीत होतं.

मी पिंपळगाव राजाहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा थोरले भाऊजी जाऊन वर्ष झालं होतं. तुमची ज्योती तिसरीत होती. मी बी.ए. झालेली धाकटी जाऊ, आणि तुम्ही कागदावर अंगठा लावणाऱ्या. पहिल्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, "रेखा, तू मले सही शिकव, मी तुले विळा शिकवतो." तुमची सही आठ दिवसांत आली. माझ्या हातात विळा नीट बसायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत तुम्ही एकदाही हसला नाहीत. एकदा मी बोट कापून घेतलं तेव्हा मात्र हसलात. म्हणालात, "आता झाली तू या घरची."

संत्र्याची बाग हा आपल्या दोघींचा हट्ट. तुमचे दीर, म्हणजे आमचे हे, एसटीवर ड्रायव्हर, घरी आठवड्यातून दोन दिवस. ते म्हणायचे, "सोयाबीन-कपाशी बरी आहे, बागेचं खूळ कशाला?" तुम्ही म्हणालात, "दिनू, तू गाडी चालव. बाग आम्ही चालवतो." दोनशे चाळीस कलमं लावली. बारा ओळी, ओळीत वीस. दोरी कमी पडली तेव्हा तुम्ही हात पसरून उभ्या राहिलात आणि मी तुमच्या हातांच्या अंतरानं खुणा केल्या. त्या ओळी आजही जरा वाकड्या आहेत.

कलमं लावल्यावर तिसऱ्या मे महिन्यात ते किडे आले. तसे ते दरवर्षी थोडे यायचे. लहानपणी आम्ही त्यांना रातकिडेच म्हणायचो, पण हे भर दिवसा ओरडतात. त्या वर्षी मात्र डोंगराखालच्या कडुलिंबांच्या बुंध्यांवर त्यांच्या रिकाम्या कातींचा थर बसला होता. आवाज एवढा की विहिरीवर बोलायचं तर एकमेकींच्या कानाशी जावं लागे. मग एका सकाळी मी बागेत गेले. डोंगराकडच्या ओळींत झाडांचे शेंडे माना टाकून लोंबत होते. पानं तांबूस, वाळलेली, हात लावला की फांदी मोडून हातात. तिथून आत, प्रत्येक ओळीत तेच, थोडं कमी.

मला वाटलं शेंडेमर. एकदा तो रोग शिरला की बाग गेली, एवढंच मी ऐकलं होतं. कृषी केंद्रात जाऊन मोबाइलवरचे फोटो दाखवले. दुकानदारानं दोन फोटो पाहिले आणि बाटली काढून दिली. "मारा ताई, सगळं साफ."

मी घरी आले तर तुम्ही ओट्यावर एक वाळकी फांदी उभी चिरून बसला होतात.

"हे पाह्य. झाडाले रोग नाही."

फांदीच्या सालीत करवतीनं ओढल्यासारख्या बारीक चिरा होत्या, आणि चिरांच्या आत तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी, दोन ओळींत.

"त्या किड्याची मादी फांदी चिरते अन् अंडी घालते. तेवढा शेंडा वाळते, बाकी झाड जित्तं राह्यते. रोहिणखेडले आमच्या आंब्याईवर म्या लहानपणी पाह्यलं हाय. मोठ्या झाडाले काहीच होत नाही. लहान कलमाले जपा लागते. वाळल्या फांद्या कापू, जाळू. बाकी झाडांवर जुनी लुगडी टाकू, म्हणजे नवे येऊन बसणार नाहीत."

"दोनशे चाळीस झाडांना लुगडी?"

"मच्छरदाण्या मागू. हमीदभाईच्या घरी हायेत, शाळेत हायेत."

मी हसले. तुम्ही माझ्या हातातली बाटली पाहिली. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण खालचा जहाल विषाचा लाल तिकोन तुम्ही ओळखलात. तो ओळखायला मीच तुम्हाला शिकवलं होतं.

"लाल हाय. हे नाही मारायचं. अन् मारून काय होईन? आज हे मरतीन, उद्या डोंगरातून दुसरे येतीन."

"मग बसू का हातावर हात ठेवून?"

"शाळा शिकली म्हणून झाडाची माय झाली काय तू?"

इथवर ते दोन जावांचं भांडण होतं. शेजारच्या बायका कान देऊन ऐकत होत्या, त्यात विशेष काही नाही. पण मी पुढे बोलले. मी म्हणाले, "तुमच्या हातानं आजवर काय जगलंय?"

भाऊजी तीन महिने अंथरुणाला होते. त्यांच्या तोंडात चमचा तुम्ही घालायच्या, हे मला माहीत होतं. तरी मी ते बोलले. तुम्ही फांदी बाजूला ठेवलीत, आत गेलात आणि पेटीतली जुनी लुगडी काढायला लागलात.

दुपारी बारा वाजता मी पंप पाठीवर घेतला. तोंडाला रुमालसुद्धा नाही. बाटलीवर लिहिलं होतं एका पंपाला एक झाकण. मी दोन ओतली. रागात माणूस माप वाढवतो, बाई, दुसरं काही कारण नव्हतं. डोंगराकडून सुरुवात केली. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. वारा फिरला आणि फवारा माझ्याच अंगावर यायला लागला. पदर भिजला, पाठ भिजली. पंप गळत होता. तिसरी ओळ संपवली आणि तोंडात लाळ दाटली. थुंकले तरी संपेना. समोरची झाडं बारीक दिसायला लागली, लांब गेल्यासारखी.

मग मला तुमचा आवाज आठवतो. "रेखे! ए रेखे!" तुम्ही पंपाचा पट्टा विळ्यानं कापलात. तिथंच, भर शेतात, माझ्या अंगावरचं सगळं ओलं कापड काढलंत आणि मला ओढत हौदापाशी नेलंत. कपड्याच्या साबणानं केसांपासून पायांपर्यंत धुतलंत. मी ओकत होते आणि तुम्ही मला कुशीवर धरून ठेवत होतात. झाडांवर टाकायला आणलेल्या लुगड्यात मला गुंडाळलंत आणि रस्त्यावर जाऊन हमीदभाईची जीप आडवी होऊन थांबवलीत. जीपमध्ये धाड गावच्या बाजाराला निघालेली माणसं होती. हमीदभाई म्हणाले, "उतरो सब. ये बाई मर जायेगी." आणि सगळी उतरली.

जीप निघाली तेव्हा तुम्ही ओरडलात, "थांबा! बाटली!" पळत शेतात गेलात आणि ती बाटली घेऊन आलात. डॉक्टर नंतर म्हणाले, बाटली आणली म्हणून औषध लगेच ठरवता आलं.

पुढचं मी पूर्ण शुद्धीत ऐकलं नाही, पण ऐकलं. घसा कोरडा पडला होता, दिवे हलत होते. तुमचे दीर ड्यूटी सोडून धावत आले होते, दारात उभे होते. डॉक्टर तुम्हाला विचारत होते, "घरात भांडण झालं होतं का? हे फवारताना झालं की त्यांनी घेतलं? खरं सांगा, पोलिसांना कळवावं लागतं."

तुम्ही म्हणालात, "भांडण कायचं? घरात काही नाही. फवारत होती."

"मग एवढा त्रास कसा? औषध किती टाकलं होतं?"

तुम्ही बाटली हातात फिरवली. ती जवळजवळ रिकामी होती. तीन ओळींत ती अर्धीसुद्धा संपायला नको होती. तुम्हाला तेव्हाच कळलं. तुम्ही म्हणालात, "माप म्या टाकलं. मले वाचता येत नाही. माह्या हातून चुकलं."

दारातून तुमचे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मारून टाकलं असतं तिला."

तुम्ही गप्प राहिलात. मीही डोळे मिटून घेतले.

तुम्ही ते का केलंत, हे मला तेव्हाच समजलं होतं. सकाळचं भांडण अख्ख्या गावानं ऐकलं होतं. जावेशी भांडून बाई दुपारी औषधानं पडली, एवढं गावाला पुरे होतं. रेखानं औषध घेतलं, हा डाग माझ्यावर आणि माझ्या माहेरावर जन्मभर राहिला असता. तो तुम्ही पुसलात.

सहा दिवसांनी मी घरी आले. जीपमधून उतरून आधी बागेकडे गेले. तुम्ही मागून हाका मारत होतात, "थांब, ऊन हाय." बाग पाहिली आणि माझं डोकं फिरलं. बाराही ओळी छाटलेल्या. वाळलेल्या फांद्यांबरोबर चांगली हिरवी नवतीसुद्धा तुम्ही काढली होती, जिथं चीर दिसली तिथून हातभर खाली. भर मे महिन्यात कापलेल्या जागांना मलमसुद्धा लावलं नव्हतं. राहिलेल्या खुंटांवर रंगीबेरंगी लुगडी आणि मच्छरदाण्या बांधलेल्या. सहा दिवस तुम्ही एकट्यानं ते केलं होतं. तुमच्या तळहातांना फोड आले होते. ते मी पाहिले. आणि तरी माझ्या तोंडातून पहिले शब्द निघाले ते असे: "हे काय करून ठेवलंत?"

माझा जीव वाचवलेल्या बाईला मी हे म्हणाले. त्याच्या आधी काही नाही, नंतरही काही नाही.

छाटणी जास्त झाली होती, हे मी आजही म्हणेन. तेवढं तुम्ही चुकलातच. एवढं कापायला नको होतं, आणि पाऊस पडेपर्यंत थांबता आलं असतं. या गोष्टीवर तुमच्याशी नीट, बसून, चहा घेत भांडायचं होतं मला. पण त्या भांडणाच्या आड मी दुसरीच गोष्ट लपवली.

पावसाळ्यात नऊ ओळींना कोंब फुटले. डोंगराकडच्या तीन ओळी, म्हणजे साठ झाडं, आधी पानं करपून गेली आणि मग बुंध्यापासून वाळत गेली. चाळीसच्या वर झाडं मेली. तुम्ही बाराही ओळी सारख्या कापल्या होत्या. मी फवारल्या होत्या तीनच, दुप्पट औषधानं, भर दुपारी. बागेत कोणी दहा पावलं चालून पाहिलं असतं तरी समजलं असतं. कोणी पाहिलं नाही. मला पाहायची गरज नव्हती, मला माहीत होतं.

दिवाळीनंतर तुमच्या दिरांनी वाटणीचा विषय काढला. "वहिनीनं आधी माप चुकवलं, मग झाडं कापली. आता आपापलं आपण पाहू." डोंगराकडची बाजू, मेलेल्या ओळींसकट, तुमच्या नावानं झाली. आम्हाला विहिरीकडची. तुम्ही कागद पुढे ओढलात आणि मी शिकवलेली सही केलीत. सही करून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. राग असता तर बरं झालं असतं. मी वाट पाहून राहिले आहे, असं ते पाहणं होतं. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

त्यानंतर गप्प राहणं सोपं होत गेलं, बाई. पहिले दिवस घशाशी यायचं. मग आठवड्यातून एकदा. मग मी स्वतःला सांगू लागले की तुम्हीच बोलला होतात, मी तर काहीच बोलले नव्हते.

मागल्या वर्षी गावात आलेल्या कृषी सहाय्यकाला मी त्या किड्यांबद्दल विचारलं. त्यानं सांगितलं, याला सिकाडा म्हणतात. पिल्लं जमिनीत मुळांचा रस पिऊन वर्षानुवर्षं राहतात. परदेशात काही जातींचे तर तेरा नाही तर सतरा वर्षांनी सगळे एकदम बाहेर येतात. औषधानं फारसं साधत नाही, लहान कलमांवर जाळी टाकणं हाच उपाय. जे तुम्ही फांदी चिरून ओट्यावर सांगितलं होतं, तेच. मी घरी येताना तुमच्या दारापर्यंत आले. तुम्ही पाठमोऱ्या झाडत होतात. सतरा वर्षांचं ऐकून तुम्ही तोंडावर हात ठेवला असता, "माय व!" म्हणाल्या असत्या. मी परत फिरले.

आणि मग एकोणीस दिवसांपूर्वीची सकाळ. भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मी धावले. तुम्ही चुलीपाशी होतात, तोंड एका बाजूला ओढलेलं. पुन्हा हमीदभाईची जीप. या वेळी डोकं तुमचं होतं आणि मांडी माझी. तुमचे दीर पुढच्या सीटवर होते. तुम्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होतात आणि डाव्या हातानं माझं मनगट धरलं होतं. बोलता येत नव्हतं. मला येत होतं. मोताळ्याच्या फाट्यापर्यंत मी शब्द जुळवत होते. पुढे बसलेल्या माणसाला ऐकू जाईल, म्हणून आवाज निघेना. तेवढ्या वेळात, तसल्या वेळीही, मला माझीच भीती वाटली. मग तुमची पकड सैल झाली.

तेराव्या दिवशी जेवणं झाली. बाहेरची माणसं गेली. ज्योती अकोल्याहून आली होती, तिनं तुमची पेटी उघडली होती. हमीदभाई ओट्यावर बसले होते. तुमचे दीर ज्योतीला म्हणाले, "तुझ्या आईचा स्वभाव चांगला होता. बागेच्या बाबतीत तेवढी चूक झाली तिची. आता ते सोडून द्यायचं."

मी उभी राहिले. म्हणाले, "चूक त्यांची नव्हती. माप मी टाकलं होतं. दुप्पट. रागात. त्या मेलेल्या ओळी माझ्या फवारणीच्या आहेत. दवाखान्यात बाई खोटं बोलल्या, माझ्यावर डाग येऊ नये म्हणून. मी ऐकलं होतं. मी दोन वर्षं गप्प बसले."

हमीदभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तुमचे दीर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आता काऊन सांगून राह्यली? ती गेल्यावर?" घरात ते असं वऱ्हाडी बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. लहानपणी तुमच्याशी बोलायचे तसे बोलले. आणि मग उठून बाहेर गेले.

ज्योतीच्या हातात तुमचं एक लुगडं होतं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, दोन वर्षं मी फोन केला की आईला विचारायची, काकू बोलतात का? ती म्हणायची, बोलीन ती, येईन ती. एवढंच म्हणायची. तुम्ही एक वेळ येऊन बसला असता."

मी म्हणाले, "ज्योती, वाटणी बदलून देते. विहिरीकडची बाजू तुझी."

"मला झाडं देऊन गप्प करता काय?"

संध्याकाळच्या गाडीनं ती निघून गेली. मला नमस्कार केला नाही, आणि ते बरोबरच होतं.

पण बाई, पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी तुमचे दीर रजा टाकून कुदळ घेऊन तुमच्या वाट्यात गेले. दोन वर्षांत त्यांनी तिथं पाय ठेवला नव्हता. वाळलेले बुंधे त्यांनी एकेक करून उपटले. मी मागे गेले तर म्हणाले, "नवी कलमं लावायची तर खड्डे आत्ताच उन्हात तापायला हवेत." तेवढंच. ते माझ्याशी अजून कामापुरतं बोलतात. मी ज्योतीला फोनवर सांगितलं, डोंगराकडच्या ओळी पुन्हा लावतोय, तुझ्या नावानं, वाटणीचं काय ते तू ठरव. मग तिनं विचारलं, "किती खड्डे झाले?"

काल रविवारी ती आली. घरात न येता सरळ शेतात गेली, ओढणी कमरेला बांधली आणि तिसऱ्या ओळीत खणायला लागली. मी पलीकडच्या खड्ड्यात होते. दोन तास आम्ही एकमेकींच्या समोर खणत होतो. तिची माती माझ्याकडे पडत होती, माझी तिच्याकडे. जमीन कडक, मुरमाची. कुदळ आपटली की हात झिणझिणत.

मग ती थांबली. कपाळ पुसलं.

"काकू, पाणी द्या."

मी तांब्या नेला. ती सगळं पाणी प्यायली. तांब्या बांधावर ठेवता आला असता, तिथंच होता बांध. तिनं तो माझ्या हातात दिला.